चार मुलांची आई आणि पडद्यावरची नायिका: लीला चिटणीस

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या सोसायटीच्या चिटणीसांनी सांगितले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडून मुदत ठेवी, नॉमिनेशन, मृत्युपत्र असल्याच विषयांवरच्या लेखाची अपेक्षा असते, आणि तसला लेख छापून आला की लोक तो नंतर वाचू म्हणून बाजूला ठेवतात, हेही मला माहीत आहे. म्हणून या वेळी मी दुसऱ्याच चिटणीसांबद्दल लिहिणार आहे. नाव लीला चिटणीस. सिनेमाचा रौप्यमहोत्सव पंचवीस आठवड्यांचा आणि आपला पंचवीस वर्षांचा, एवढे नाते विषय निवडायला पुरेसे आहे असे समजावे.

साठीच्या पुढच्या मंडळींना हे नाव वाचताच एक चेहरा आठवेल. पांढरी किंवा फिकट साडी, डोक्यावर पदर, खोल गेलेले डोळे, खोकला, आणि दाराकडे लागलेली नजर. हिंदी सिनेमातली आई. राज कपूर, दिलीपकुमार, देव आनंद, तिघांचीही आई. तरुण मंडळींना कदाचित हेही आठवणार नाही. पण ही बाई त्याच्या आधी नायिका होती, स्वतःची गाणी स्वतः गात होती, आणि लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला ते बरेच उशिरा कळले. ते कळल्यापासून या बाईंच्या आयुष्याचा ताळेबंद मी पुन्हा पुन्हा मांडून पाहत आलो आहे. त्यात एक गोष्ट अशी उलटी आहे की ती माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. ती ओघात येईलच.

लीलाबाईंचा जन्म १९०९ सालचा, धारवाडचा. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते आणि मराठी घरे तिथे पुष्कळ होती. माहेरचे आडनाव नगरकर. हे वाचले की आपल्यासारख्या नगरवाल्यांचे कान टवकारतात. आडनाव आपल्या गावाचे असले तरी जन्म धारवाडचा, तेव्हा उगाच हक्क सांगायला नको. पण सावेडीच्या स्मरणिकेत त्यांना जागा द्यायला एवढे निमित्त चालेल. वडील इंग्रजीचे प्राध्यापक होते. घरात पुस्तके होती, शिक्षणाला किंमत होती. तरीही लग्न पंधरा-सोळाव्या वर्षीच झाले. नवरा आईवडिलांनी पाहिलेला, वयाने मोठा, विलायतेत शिकून आलेला डॉक्टर: डॉ. गजानन चिटणीस. त्या घरात राजकारणाचे वारे होते. ब्रिटिश सरकारला हवे असलेले क्रांतिकारक एम. एन. रॉय यांना या दांपत्याने काही काळ आपल्या घरात आसरा दिला होता. सापडले असते तर दोघांनाही तुरुंग होता.

चार मुलगे झाले. पुढे संसार टिकला नाही, नवराबायको वेगळे झाले. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईचे १९३० च्या दशकात काय होत असे, हे आपल्या आज्यांच्या पिढीला विचारायला हवे होते. माहेरी परत जायचे, कोपऱ्यातली खोली घ्यायची आणि भावजयीच्या हाताखाली राहायचे, हा ठरलेला रस्ता होता. लीलाबाईंनी तो धरला नाही. त्या शिकलेल्या होत्या. त्यांनी शाळेत शिक्षिकेची नोकरी केली, आणि जोडीला नाटक.

नाटकाचाही काळ बघा कसा होता. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांसारखे पुरुष स्त्रीभूमिका करून रसिकांच्या गळ्यातले ताईत झालेले होते. बोलपट आल्यावर नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. १९३३ साली नाट्यमन्वंतर या मंडळाने आंधळ्यांची शाळा हे नाटक आणले. स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. इब्सेन वगैरे युरोपातल्या नाटककारांचे वारे लागलेली ही शिकलेल्यांची चळवळ होती. लीलाबाई त्या वर्तुळात आल्या. १९३४ मधल्या उसना नवरा या नाटकातल्या कामाने त्यांचे नाव झाले. पुढे त्यांनी स्वतःची नाटकमंडळीही काढून पाहिली.

पण नाटकावर चार मुलांचे घर चालत नाही. म्हणून सिनेमा. सुरुवात सागर मूव्हीटोनमध्ये, तीही गर्दीतल्या किरकोळ कामांनी. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुष्कळांना वाटते की शिकलेली, गोरीगोमटी बाई दिसली आणि निर्मात्याने गाडी पाठवली. तसे काही झाले नाही.

सिनेमात जाणे म्हणजे काय होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना हरिश्चंद्राची तारामती करायला बाई मिळाली नव्हती. साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवावी लागली. १९३२ मध्ये दुर्गाबाई खोटे अयोध्येचा राजा या बोलपटात आल्या आणि घरंदाज बाई सिनेमात जाऊ शकते हे लोकांना दिसले. तरी १९४० साली शांता आपटे यांनी पुस्तक लिहिले त्याचे नावच जाऊ मी सिनेमात? असे होते. म्हणजे प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता. दुर्गाबाई आणि लीलाबाई दोघींच्याही बाबतीत या पाऊलामागे संसाराची पैशाची गरज होती.

१९३६ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा छाया आला. मास्टर विनायकांचे दिग्दर्शन आणि वि. स. खांडेकरांची कथा. खांडेकरांनी सिनेमासाठी लिहिलेली ही पहिलीच कथा. त्यात लीलाबाईंना खरे काम मिळाले. पुढच्या वर्षी प्रभातच्या वहाँ या चित्रपटात त्या होत्या. त्याच वर्षी जंटलमन डाकू आला. त्यात त्यांनी पुरुषाच्या वेशात काम केले. त्याची जाहिरात टाइम्स ऑफ इंडियात आली, ती महाराष्ट्रातून पडद्यावर आलेली पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घराण्यातली स्त्री अशी. मंडळी, पदवीचा असाही उपयोग होता! आमच्या वेळी बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरता यायचा. त्यांच्या वेळी पदवी सिनेमाच्या तिकीट खिडकीवर चालली. विनोद सोडा. निर्मात्यांना त्या पदवीची गरज होती, कारण तिच्यामुळे मध्यमवर्गातली बायकामाणसे थिएटरात येतील असा हिशेब होता. १९३९ मध्ये रणजितच्या संत तुलसीदासमध्ये विष्णुपंत पागनीस तुलसीदास झाले आणि लीलाबाई त्यांची पत्नी रत्नावली.

खरा भाग्योदय झाला तो त्याच वर्षी, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये. ही संस्था आमच्या धंद्यातल्या माणसाला आवडावी अशी होती. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी उभी केलेली, रीतसर शेअर भांडवल असलेली लिमिटेड कंपनी. नटनट्या महिन्याच्या पगारावर. तिथे प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलेला एक तरुण योगायोगाने नायक झाला होता, तो अशोककुमार. त्याच्यासमोर १९३९ च्या कंगनमध्ये लीलाबाई नायिका झाल्या. एका साधुपुरुषाने वाढवलेली मुलगी आणि जमीनदाराचा मुलगा, अशी ती गोष्ट. चित्र जोरात चालले. पाठोपाठ १९४० मध्ये बंधन आणि १९४१ मध्ये झूला. तिन्हीत हीच जोडी आणि तिन्ही यशस्वी. डोळ्यांनी बोलायचे कसे हे आपण लीलाबाईंकडे पाहून शिकलो, अशी कबुली अशोककुमारांनी पुढे दिली. अशोककुमारांच्या डोळ्यांची तारीफ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

या चित्रपटांतली आपली गाणी लीलाबाई स्वतः गायल्या. पार्श्वगायन १९३५ पासून सुरू झाले होते, पण नट गाणारा असावा ही अपेक्षा अजून सुटली नव्हती. संगीत सरस्वतीदेवी यांचे. मूळ नाव खुर्शीद, पारशी घरातल्या, आणि हिंदी सिनेमातल्या अगदी पहिल्या स्त्री संगीतकारांपैकी एक. कवी प्रदीप यांचा सिनेमातला प्रवास कंगनपासूनच सुरू झाला, आणि बंधनमधले त्यांचे तरुणांना पुढे चला सांगणारे गाणे त्या काळात घरोघरी गेले. त्या गाण्यातही लीलाबाईंचा आवाज आहे. मी तो आवाज ऐकला तो रेडिओवर, सकाळी दाढी करताना, विविध भारतीच्या भूले बिसरे गीतमध्ये. लताबाईंच्या आवाजावर वाढलेल्या आमच्या कानाला तो थोडा साधा वाटतो. हरकत नाही, तो गायिकेपेक्षा बोलणाऱ्या बाईचा आवाज आहे. शब्द स्वच्छ, उच्चार शिकलेल्या घरातले, आणि उगाच हरकती नाहीत. घरात काम करता करता एखादी बाई चांगले गुणगुणते ना, तसा.

१९४१ साली लक्सच्या जाहिरातीत त्या आल्या. तोपर्यंत या साबणाच्या जाहिरातीत हॉलिवूडच्या नट्या असत. भारतीय नटीला ती जागा पहिल्यांदा मिळाली ती लीला चिटणीस यांना. मॉडेलिंग हा शब्दही तेव्हा आपल्याकडे रुळला नव्हता. पुढे त्या जागी आलेल्या नट्यांची नावे आपल्या घरातल्या मुलीसुनांना तोंडपाठ असतील. रांगेतली पहिली मात्र आपली मराठी बाई.

आता तो उलटा हिशेब. ही जाहिरात आली तेव्हा लीलाबाई बत्तीस वर्षांच्या होत्या. चार मुलांच्या आई. नवऱ्यापासून वेगळ्या. आज तिशी उलटलेल्या, चार मुलांच्या आईला सौंदर्याच्या साबणाच्या जाहिरातीत घ्या म्हटले तर जाहिरात कंपनी काय म्हणेल? त्या काळच्या प्रेक्षकाला मात्र ते चालले. कंगनमधली कुमारिका खऱ्या आयुष्यात मुलांचे डबे आणि शाळेची फी सांभाळून मालाडला कामावर येत होती, तरीही लोक तिकिटे काढत होते. म्हणजे आपला समाज तेव्हा फार पुढारलेला होता असे मी म्हणत नाही. पण काही वर्षे का होईना, एका आईला नायिका होता आले.

ती वर्षे फार नव्हती. १९४२ मध्ये त्यांनी किसीसे ना कहना हा चित्रपट स्वतः काढला. नायिकेची कामे हळूहळू कमी झाली. पार्श्वगायनामुळे गाणाऱ्या नटीची गरज संपत चालली. नव्या, वयाने लहान नायिका आल्या. १९४८ साली शहीद आला. त्यात दिलीपकुमार नायक, आणि लीलाबाई त्याची आई. वय एकोणचाळीस. दिलीपकुमार त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, महल आला. त्यात नायक अशोककुमार, लीलाबाईंपेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान, म्हणजे अडतिशीत पोहोचलेले. आणि त्यांची नायिका मधुबाला, १९३३ सालची. एका जोडीतला पुरुष अडतिसाव्या वर्षी सोळा वर्षांच्या मुलीचा प्रियकर, आणि त्याच जोडीतली बाई एकोणचाळिसाव्या वर्षी पंचविशीतल्या माणसाची म्हातारी आई. खऱ्या आई होत्या तेव्हा त्या पडद्यावर तरुणी होत्या. खऱ्या अर्थाने भर उमेदीत आल्या तेव्हा पडद्यावर म्हाताऱ्या झाल्या. ताळेबंद म्हणतो तो हा. याच्या दोन बाजू जुळत नाहीत.

मग आईच्या भूमिकांची रांगच लागली. १९५१ मध्ये आवारा. १९५२ मध्ये बिमल रॉय यांनी बॉम्बे टॉकीजसाठी केलेला माँ. ज्या संस्थेत त्या नायिका होत्या, तिथेच आता आई. १९५७ मध्ये नया दौर, १९५८ मध्ये साधना, १९६० मध्ये काला बाजार, १९६१ मध्ये गंगा जमना आणि हम दोनो, १९६५ मध्ये गाईड. गंगा जमनात चोरीचा खोटा आळ येऊन खचलेली आई. गाईडमध्ये मुलाचे वागणे न पटून घर सोडून जाणारी आई. या कामांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी ती फार चांगली केली. इतकी चांगली, की पुढे हिंदी सिनेमातली आई म्हणजे अशीच, हा साचाच पडून गेला.

आवारात त्यांच्या पात्राचे नावही लीला आहे. न्यायाधीश नवरा संशयावरून गरोदर बायकोला घराबाहेर काढतो आणि ती झोपडपट्टीत एकटीने मुलगा वाढवते. आमच्या आईने हा सिनेमा नगरला पाहिला होता आणि नंतर कितीतरी वर्षे त्याची गोष्ट सांगायची. तिची एकच तक्रार होती. एवढी मोठ्या घरातली, शहाणी बाई, रडत बसण्यापेक्षा तिने कुठे शाळेत नोकरी का नाही धरली? आई स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. तिला माहीत नव्हते की तो सल्ला लीलाबाईंनी सिनेमाच्या कितीतरी आधी, स्वतःच्या आयुष्यात अमलात आणला होता. पडद्यावरच्या लीलाने तो आणला असता तर मात्र कथाच पुढे सरकली नसती.

माझी नोकरी जिल्ह्यातल्या शाखांमधून झाली. राहुरी, शेवगाव, श्रीरामपूर असे करत शेवटी नगरला स्थिर झालो. काउंटरच्या अलीकडून मी जितक्या आया पाहिल्या, त्यांत सिनेमातली आई मला क्वचितच भेटली. पोराच्या पुण्यातल्या फीचा ड्राफ्ट काढायला आलेली बाई पदराची गाठ सोडून नोटा मोजून द्यायची, कमिशन किती कापणार ते आधी विचारायची, आणि पावती दोनदा वाचून घ्यायची. दूध घालून, शिवण करून, शेतात मजुरी करून जमवलेले पैसे असत. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात आम्ही घरकाम असे लिहीत असू. बाईलाही त्यात काही वावगे वाटत नसे, आम्हालाही नाही. आपल्याला रडणारी आई बघायला आवडते, तिच्यावर आपण तिकीट काढून पैसे खर्च करतो. कमावणारी आई मात्र आपल्या डोळ्यांसमोर असून रकान्यात घरकाम म्हणून जाते. लीलाबाईंच्या बाबतीत नेमके हेच झाले. लोकांच्या लक्षात राहिली ती खोकणारी आई. चार मुलांसाठी शाळेत शिकवणारी, गर्दीत उभी राहून सुरुवात करणारी, गाणारी, चित्रपट काढणारी बाई विसरली गेली.

आणि स्वतः त्या काही आईच्या भूमिकांवर समाधान मानून बसल्या नव्हत्या. १९५५ साली आज की बात या चित्रपटाची निर्मिती आणि दिग्दर्शन त्यांनी केले. त्या काळात दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसलेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. १९८१ मध्ये त्यांचे मराठी आत्मचरित्र चंदेरी दुनियेत प्रसिद्ध झाले. पडद्यावरची कामे त्या १९८० च्या दशकापर्यंत करत होत्या. नायिका म्हणून सात-आठ वर्षे, आई म्हणून तिप्पट-चौपट. सिनेमातल्या माणसाला ना प्रॉव्हिडंट फंड ना पेन्शन. काम थांबले की पैसे थांबले. तेव्हा मिळेल ते काम नेटाने करत राहणे यालाही मी कर्तबगारीच म्हणतो.

उतारवयात त्या मुलांकडे अमेरिकेत गेल्या. जुलै २००३ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी या गावी, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एका केंद्रात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. बातमी वाचून काही लोक हळहळले, की एवढी मोठी नटी आणि परक्या देशात, घराबाहेर गेली. मला त्यात नुसती हळहळ दिसत नाही. आपल्याच सोसायटीत बघा. पाच-सहा घरांतली मुले अमेरिकेत किंवा इंग्लंडात आहेत. आईवडील सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे करतात. कोणी आता तिकडे जाणे थांबवले आहे. मुले आपल्याला टाकून गेली असे त्यांच्यापैकी कोणाला वाटत नाही, तरी संध्याकाळी बाकावर बसल्यावर शेवटचा प्रश्न कोणाच्या ना कोणाच्या मनात असतोच. सिनेमातल्या आईला याचे एकच उत्तर ठाऊक होते: दाराकडे डोळे लावून बसायचे आणि मुलगा येताच त्याच्या मांडीवर प्राण सोडायचा. लीलाबाईंनी ते दृश्य पडद्यावर इतक्यांदा केले, प्रत्यक्षात मात्र त्या मुलांच्या देशात गेल्या, म्हाताऱ्या झाल्या आणि पूर्ण वय जगून गेल्या. ज्या मुलांसाठी त्या शाळेत, नाटकात आणि सिनेमात राबल्या, ती परदेशात जाऊन स्थिरावण्याइतकी मोठी झाली. जमेच्या बाजूला हे लिहिले पाहिजे.

आपल्या सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात पुस्तके बरीच जमली आहेत. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने नवी खरेदी व्हायची आहे असे ऐकतो. त्या यादीत चंदेरी दुनियेत घालावे, अशी माझी सूचना आहे; जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तरी चालेल, पाने पिवळी असली तरी चालतील. आणि कंगन, बंधन, झूला यांतली गाणी आता मोबाईलवर सहज सापडतात. नातवंडांना ती एकदा ऐकवावीत. त्यांनी बाई कोण म्हणून विचारले, तर राज कपूरची आई असे सांगू नये. चार मुलांना एकटीने वाढवणारी, शिकलेली, गाणारी नटी, असे सांगावे. नाव लीला चिटणीस, माहेरच्या नगरकर.